जास्वंदीच्या सुरक्षेसाठी

आमच्या सोसायटीत कॅमेरे आले ते बिबट्यासाठी. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्या माणसाला बिबट्याचं फार कौतुक नसतं. तो कधीतरी येतो, एखादं कुत्रं उचलतो आणि निघून जातो. पण शेजारच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात तो दिसला, ती क्लिप टीव्हीवर आली आणि आमच्या सेक्रेटरीची झोप उडाली. बिबट्याची त्याला भीती नव्हती. तो त्यांच्याकडे गेला आणि आपल्याकडे आला नाही, हे त्याला लागलं होतं. बघता बघता आमच्या गेटवर, लिफ्टपाशी, मागच्या भिंतीवर आणि खालच्या पार्किंगमध्ये कॅमेरे लागले. मागच्या भिंतीवरचा, जास्वंदीच्या डोक्यावरचा, तो कॅमेरा नंबर तीन. बिबट्या अजून आलेला नाही. कॅमेऱ्यात सापडले ते माझे बाबा.

सेक्रेटरी ह्याच सोसायटीत लहानाचा मोठा झालेला. मी त्याला अरे-तुरे करते, तो मला ताई म्हणतो. माणूस वाईट नाही, फक्त हातात नवं काही आलं की ते वापरून झाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कॅमेऱ्यांबरोबर एक ॲप आलं होतं. त्यावर कुठल्याही कॅमेऱ्यातलं चालू चित्र फोनवर बघता यायचं. ते कमिटीपुरतं ठेवायला हवं होतं. ह्याने ते सगळ्या सभासदांना वाटून टाकलं, पारदर्शकता म्हणून.

मग काय विचारता. संध्याकाळच्या मालिका ओस पडल्या. कुणाकडे भाजी ॲपवरून येते आणि कुणाकडे भैय्याकडून, कुणाची बाई उशिरा येते आणि कुणाचा जावई लवकर जातो, हे सगळं सगळ्यांना तोंडपाठ झालं. पहिल्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी एकदा मला लिफ्टमध्ये गाठलं आणि विचारलं, "काल सकाळी तू ड्रेसमधे गेली, संध्याकाळी साडीमधे आली. असा कसा?" ऑफिसात कार्यक्रम होता, तिथेच साडी नेसले, असं मी त्यांना समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर स्वतःचाच इतका राग आला की दोन मजले आधीच उतरून जिन्याने घरी गेले.

ह्या रागाला जुनं कारण आहे. मी लग्न केलं नाही. अंधेरीला विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते, बाबांबरोबर राहते आणि माझं बरं चाललं आहे. पण एकटी बाई घरी कधी येते, कुणाच्या गाडीतून उतरते, हातात पिशवी कसली आहे, हे बघायला आमच्याकडे कॅमेऱ्याची गरज कधीच नव्हती. आई होती तोवर ती बायकांना खिडकीतूनच एकेक सणसणीत उत्तर देऊन गप्प करायची. आई गेली आणि ते खातं माझ्याकडे आलं. त्यामुळे पेपरात खाजगीपणावर कुणी काही लिहिलं, टीव्हीवर त्यावर चार माणसं भांडत बसली, की मी पोळी तव्यावर ठेवून बघायला जाते. बाबांनी आजवर पुष्कळ करपलेल्या पोळ्या मूल्यांसाठी खाल्ल्या आहेत.

बाबा ऐंशीला टेकलेत. मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका गोदामात स्टोअरकीपर झाले आणि लोक बोरीवलीला जंगल म्हणत असत तेव्हा त्यांनी इथे जागा घेतली. कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज कायम पूर्ण वाढवलेला. देवाधर्माचं त्यांना वेड नाही, आरतीला ते कधी खाली उतरत नाहीत. पण सकाळी उठून दुसऱ्याच्या झाडाची फुलं आणणं, हे मात्र त्यांनी आयुष्यभर निष्ठेने केलं.

आता ज्याला हे ठाऊक नाही तो म्हणेल, ही चोरी आहे. आमच्याकडच्या कुठल्याही सोसायटीत पहाटे खाली उतरून बघा. एरवी दुधाची पिशवी गळकी निघाली तर दुकानदाराला कोर्टात खेचू म्हणणारी माणसं, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन, कुंपणाच्या बाहेर आलेल्या फांदीखाली टाचा उंचावून उभी असतात. देवाला फूल वाहायचं तर ते तोडून आणलेलं हवं, अशी त्यांची समजूत असते आणि कुणाच्या झाडाचं तोडलं हे देव विचारत नाही. दाराला लटकवलेल्या फुलपुडीवर तर बाबांचा विशेष राग. पुडी उघडून ते नेहमी म्हणतात, "ही काय फुलां? ह्यो पालो आसा." त्यांनी मोडक्या छत्रीची वाकडी मूठ एका काठीला बांधून आकडी केली होती. आई त्या आकडीला त्यांची दुसरी बायको म्हणायची.

मागच्या भिंतीची जास्वंद सोसायटीची, म्हणजे सगळ्यांची, म्हणजे जो आधी उठेल त्याची. आणि बाबांच्या आधी नेहमी एकच व्यक्ती उठायची. बी विंगमधल्या बाई. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. इथल्या मराठी शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि सोसायटीतली निम्मी पुरुषमंडळी त्यांच्या हाताखालून गेली आहेत, त्यात आमचा सेक्रेटरीही आला. मी दुसऱ्या शाळेत होते, म्हणून मी त्यांच्याविषयी मोकळेपणाने बोलू शकते. बाबांची आणि त्यांची वर्षानुवर्षं चुरस चालली होती. बाई सगळी उमललेली फुलं नेतात आणि मागे किडकी ठेवतात, असं बाबांचं म्हणणं. हे गृहस्थ कळ्यासुद्धा ओरबाडतात, असं बाईंचं. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत, जे बोलायचं ते झाडाला उद्देशून बोलायचे.

कॅमेरे लागले आणि थोड्याच दिवसांत, दिवाळीच्या आधी, बाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आल्या, पण खाली उतरणं बंद झालं. मुलगा आणि सून दोघं नोकरीवर. मी बाबांना हे जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "बरा झाला. आता सगळी फुलां आपलीच." असं म्हणाले खरं, पण पुढ्यातली माशाची तुकडी तशीच टाकून उठले. बाबांनी मासा टाकलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आता खरं तर आमच्या देव्हाऱ्यात जास्वंदींचा ढीग लागायला हवा होता. झालं उलटंच. बाबा रोज मी उठायच्या आत पिशवी आणि आकडी घेऊन उतरायचे, बऱ्याच वेळाने परत यायचे आणि देवांपुढे दोन तगरीची फुलं पडायची. मी विचारलं की म्हणायचे, झाड म्हातारं झालं. मला ते पटलंही. आमच्या घरात सगळेच म्हातारे होत चालले आहेत.

आणि मग जानेवारीतल्या एका सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरीने एक क्लिप टाकली. खाली लिहिलं होतं, "सोसायटीच्या झाडावरील फुले चोरताना अज्ञात इसम. माहिती असल्यास कमिटीला कळवावे." इसमाचा चेहरा फांदीआड होता. डोक्यावर कानटोपी होती, तांबडी, वर गोंडा असलेली, आईने विणलेली. मुंबईत थंडी असो नसो, जानेवारी लागला की ती टोपी माळ्यावरून खाली येते आणि अख्ख्या सोसायटीला तिच्यावरून महिना कळतो. तो अज्ञात इसम अर्ध्या मिनिटात ज्ञात झाला. कुणी हसण्याचे चेहरे टाकले, कुणी हात जोडले, कुणी लिहिलं की ह्या वयात असं शोभत नाही. जे रोज बाबांच्या मागून तगर तोडायला उतरतात, त्यांनी सगळ्यात कडक शब्दांत निषेध केला.

मी ऑफिसला जायला निघाले होते ती चप्पल काढून परत आत आले आणि ग्रुपवर लांबलचक पोस्ट लिहिली. कॅमेरे कशासाठी बसवले, बघण्याचा अधिकार कुणाला, एखाद्याचं चित्रण त्याला न विचारता चारचौघांत फिरवणं म्हणजे काय, सगळं मुद्देसूद लिहिलं. शेवटी जरा भान सुटलं आणि सेक्रेटरीच्या वडिलांनी तोडलेल्या चाफ्याचाही उल्लेख झाला. पोस्ट टाकली आणि चहा घेईपर्यंत तिच्या जागी 'हा संदेश हटवला गेला' एवढंच उरलं. मी परत टाकली. परत हटली. तिसऱ्यांदा टाकायला गेले तर लिहायची जागाच गायब. ग्रुपवर यापुढे फक्त ॲडमिन लिहू शकतील, शांततेसाठी.

मी त्याच दिवशी दुसरा ग्रुप काढला. नाव ठेवलं 'मुक्त चर्चा'. ॲडमिन मी. सेक्रेटरी सोडून सगळे आले. इथे काहीही हटवलं जाणार नाही, असं मी ठणकावून जाहीर केलं. दोन दिवस गुलाबांचे फोटो आले, गुडघेदुखीवरचे काढे आले, नळाला पाणी कमी येतं यावर चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बाबांची तीच क्लिप हळू चालीत, मागे दरोड्याचं संगीत लावून टाकली. मी ती लगेच हटवली. पाठोपाठ विचारणा झाली, ॲडमिनने कारण द्यावं. मी विचारणाही हटवली. संध्याकाळपर्यंत तिसरा ग्रुप निघाला होता आणि त्यात मला घेतलं नव्हतं.

हे सगळं मी आज हसत लिहिते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं, कारण बाबांनी खाली जाणं सोडलं होतं. क्लिप त्यांनी पाहिली, फोन परत दिला आणि आकडी दारामागे उभी केली. सकाळी उठायचे, चहा घ्यायचे आणि खिडकीत बसायचे. आमच्या खिडकीतून जास्वंद दिसते, बी विंग दिसत नाही. फोन वाजायचा, ते बघायचे आणि बंद करायचे. कोण आहे विचारलं तर म्हणायचे, लोन देणारे आहेत. दाढी करायची सोडली. गिरणीच्या संपातसुद्धा रोज दाढी करणारा हा माणूस. मला भीती वाटायला लागली. आई गेल्यावर ते असेच बसायला लागले होते आणि त्यातून त्यांना बाहेर काढायला मला फार वेळ लागला होता. मला कॅमेऱ्याचं पुढे काहीही झालं तरी चालणार होतं. बाबा परत खाली उतरायला हवे होते, एवढंच.

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी विशेष सभा बोलावायला लावते. हे ॲप बंद करवते आणि तो मागचा कॅमेरा काढायलाच लावते."

बाबा एकदम वळले. "कॅमेरो रवांदे."

"अहो, त्याच कॅमेऱ्याने तुमची अब्रू काढली ना?"

"रवांदे म्हटला मां. तुका काय त्रास दिता तो?"

मला काही कळेना. एवढं होऊनही ज्याच्यामुळे झालं त्याचीच बाजू घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी चिडून म्हटलं, तुम्हाला चाळीची सवय, तुम्हाला खाजगीपणा म्हणजे काय ते कळणारच नाही. बाबा खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "चाळीत सगळ्यांका सगळा दिसायचा. पण खय बघूचा नाय, ता पण सगळ्यांका कळायचा." मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मी सभेचं भाषण मनात जुळवत होते.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वेफर्स, मोठ्या थर्मासात चहा आणि डोक्यावर पार्किंगचा कॅमेरा. एरवी सभेला माणसं जमत नाहीत म्हणून अर्धा तास थांबून तीच सभा परत सुरू करावी लागते. त्या दिवशी खुर्च्या पुरेनात. बाबा यायला तयार नव्हते, मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. दाढी वाढलेली, टोपी नाही. ते खांबाला टेकून कोपऱ्यात उभे राहिले. खुर्ची कुणी दिली नाही आणि मला उठून द्यायचं सुचलं नाही, कारण मी भाषणाला उभी होते.

भाषण झकास झालं. पहिला ठराव, सभासदांच्या फोनवरचं ॲप बंद करावं. दुसरा, कुणाचंही चित्रण ग्रुपवर टाकू नये. सेक्रेटरी म्हणाला, "ताई, ज्याने काही चुकीचं केलं नाही त्याने कॅमेऱ्याला कशाला घाबरायचं?" मी म्हटलं, "मग तू घरी पडदे कशाला लावतोस?" लोक हसले. तिसऱ्या मजल्यावरचे एक काका उठून म्हणाले की हा प्रश्न मूलभूत आहे, देशभर यावर वाद चालू आहे, आपण घाईने निर्णय घेऊ नये. टाळ्या पडल्या. मग तेच काका म्हणाले, "पण ज्या चित्रणावरून हे सुरू झालं ते आपण पूर्ण पाहिलेलंच नाही. आधी सगळ्यांनी ते नीट पाहावं, मग ते पाहावं की नाही हे ठरवता येईल."

मला वाटलं, कुणीतरी हसेल. कुणीही हसलं नाही. गुजराती काकी म्हणाल्या, "हा, आधी दाखवा तो." माझ्या ठरावाला पाठिंबा देणारे सगळ्यात पुढे सरकून बसले. मी विरोध केला, पण खरं सांगायचं तर फार मोठ्याने केला नाही. ती फुलं रोज जातात कुठे, हे मलाही बघायचं होतं.

सेक्रेटरीने ऑफिसातला टीव्ही बाहेर आणून लावला. ग्रुपवरची क्लिप म्हणजे मधला तुकडा होता. आता सुरुवातीपासून दिसायला लागलं. बाबा आले, आकडी भिंतीला टेकवली, खिशातून फोन काढला आणि कानाला लावून टोपीत खोचला. मग आकडीने एक फांदी वाकवली आणि मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. एका फुलावर बोट ठेवलं. थांबले. मान हलवून ते सोडलं आणि शेजारच्या फुलावर बोट ठेवलं. परत कॅमेऱ्याकडे पाहिलं, मान डोलावली, ते तोडून पिशवीत टाकलं. मग एक कळी दाखवली आणि घाईघाईने हात मागे घेतला, कुणीतरी रागावल्यासारखा. आणि हसले. तोंडभर हसले, गोंडा हलेपर्यंत.

आई गेल्यापासून मी बाबांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी वेफर्सची पिशवी उघडली.

सेक्रेटरी मात्र उत्साहात होता. त्याला बिबट्या सापडल्यासारखं झालं होतं. "काका, हे फोनवर कुणाशी चाललंय? म्हणजे कुणीतरी तुम्हाला कॅमेऱ्यातून बघून सांगत होतं. सोसायटीतलंच कुणीतरी. साथीदार कोण ते सांगा."

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. बाबा सरळ उभे राहिले. आयुष्यात सभेत कधी तोंड न उघडलेला माणूस. म्हणाले, "मी सांगूचंय नाय."

"अहो काका, नाव सांगितलंत तर विषय मिटतो. नाहीतर चोरी म्हणून तुमच्या एकट्याच्या नावावर नोंद होईल."

"करा नोंद. चोर म्हणा. नाव सांगूचंय नाय. खाजगी आसा."

गेला आठवडाभर तो शब्द मी पुष्कळ वापरला होता, पोस्टमध्ये, भाषणात, स्वयंपाकघरात. बाबांच्या तोंडून तो ऐकला आणि माझी मान खाली गेली, कारण त्या क्षणी त्या पार्किंगमध्ये ते नाव ऐकायला सगळ्यात जास्त कान टवकारून मीच उभी होते.

आणि तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. त्यांनी खिशात हात घालून तो बंद केला. परत वाजला. परत बंद करायला गेले आणि घाईत भलतंच बटण दाबलं जाऊन फोन स्पीकरवर सुरू झाला. आधीच पूर्ण वाढवलेला आवाज, त्यात वरचं काँक्रीटचं छत.

"अहो, खांबाला टेकून का उभे आहात? बसा. पाय सुजतील."

बाबा फोन तोंडाशी नेऊन हळूच म्हणाले, "मीटिंग आहे."

"दिसतंय मला."

अख्खी सोसायटी एका वेळी मान वर करून पार्किंगच्या कॅमेऱ्याकडे बघायला लागली. काही बायकांनी पदर सारखा केला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पसरलेले पाय जवळ घेतले.

"आठवडाभर फोन का उचलत नाही तुम्ही? आणि दाढी कुठे केली आहे? ते राहू द्या. आधी त्यांना खुर्ची दे रे कुणीतरी. म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवतात का?"

"हो बाई," सेक्रेटरी म्हणाला.

तो उठून ताठ उभा राहिला होता, हात मागे बांधून. आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. त्याने स्वतःची खुर्ची उचलली आणि बाबांपाशी नेऊन ठेवली. बाबांनी फोन खिशात घातला आणि बसले.

त्यानंतर आमच्या सोसायटीत असं काही घडलं जे आधी कधी घडलं नव्हतं. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना आवाज कळला होता. निम्म्यांनी त्या आवाजामागून पाढे म्हटले होते. पण कुणी एकमेकांकडे बघितलं नाही, कुणी खाकरलं नाही. काकींनी समोसा मिळेल का असं विचारलं, एकाने पाण्याच्या टाकीचा विषय काढला, काका चष्मा पुसत बसले. खाली न बघता, वर न बघता, खांबाकडे तर अजिबात न बघता ही सगळी माणसं इतकी कामात गुंतली की मला एकदम बाबांची चाळ आठवली. तिथे मी कधी राहिले नव्हते, तरी आठवली.

"ताई," सेक्रेटरी म्हणाला, "ठराव. सभासदांच्या फोनवरचं ॲप बंद करावं. मताला टाकू?"

ठराव माझा होता. सगळे हात वर व्हायला तयार होते. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीवरच्या ऑइलच्या डागाकडे बघत होते आणि काहीही मागत नव्हते. ॲप बंद झालं की कॅमेरा नंबर तीनही फोनवर दिसायचा बंद होणार होता.

"एक दुरुस्ती आहे," मी म्हटलं. "ॲपवरचे बाकी सगळे कॅमेरे बंद करा, पण नंबर तीन चालू ठेवा. सभासदांसाठी."

"का? इतिवृत्तात कारण लिहावं लागेल."

मला कारण सुचेना. मागच्या रांगेतून बाईंचा मुलगा उठला. सबंध सभेत तो एक अक्षर बोलला नव्हता, मान खाली घालून फोन चाळत बसला होता. आता कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"जास्वंदीच्या सुरक्षेसाठी," तो म्हणाला.

"फांद्या तोडते लोक," काकी लगेच म्हणाल्या. "माझा अनुमोदन."

ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरीने गंभीर चेहऱ्याने लिहून घेतलं. बाबांच्या चोरीची नोंद करायची राहून गेली, तिची आठवण कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा बाबा आरशासमोर होते. गुळगुळीत दाढी, केसांना तेल, इस्त्रीचा शर्ट. आकडी दारामागून बाहेर आली होती. मी म्हटलं, टोपी घाला, गार आहे. "नको," ते म्हणाले, "थंडी नाय आज." आणि पिशवी घेऊन गेले. दाराच्या कडीला फुलपुडी लटकत होती, ती मी आत घेतली. जास्वंदी बी विंगला जाणार आणि आपल्या देवांचं आता पाल्यावरच भागणार, हे मी मनाशी मान्य केलं.

चहाचं आधण ठेवलं आणि फोन हातात घेतला. ॲपवर आता एकच चौकोन उरला होता. त्यावर अंगठा ठेवला की दिसलं असतं. मी अंगठा ठेवला नाही. फोन ओट्यावर पालथा टाकला आणि आलं किसायला घेतलं. खालून बाबांच्या हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, पूर्ण वाढवलेल्या फोनमधून, बाईंचा. खिडकी उघडीच होती. ती मी तशीच राहू दिली, कारण ऐकण्याबद्दल ठरावात काही लिहिलेलं नव्हतं.